टॅब बंद केला तरी माहिती राहते : कुकी, लोकल स्टोरेज आणि कॅश

सेतू केंद्रात किंवा दुसऱ्याच्या मोबाईलवर आपण ई-मेल उघडतो, योजनेचा फॉर्म भरतो, टॅब बंद करून निघतो. पण टॅब बंद म्हणजे खातं बंद, असं नसतं. वेबसाइट काही माहिती त्याच ब्राउझरमध्ये ठेवून जाते.

यातली सगळ्यात महत्त्वाची म्हणजे कुकी. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी ती आणली. कुकी म्हणजे छोटी चिठ्ठी, साधारण ४ केबीची. लॉगिन केलं की साइट त्या चिठ्ठीत एक लांबलचक क्रमांक लिहून देते. पुढं प्रत्येक पान उघडताना ब्राउझर ती चिठ्ठी आपणहून दाखवतो, म्हणून पासवर्ड परत मागितला जात नाही. बाजार समितीच्या गेटवरच्या पावतीसारखंच हे. ज्याच्या हातात पावती, तो आत! काही कुकीवर मुदत लिहिलेली असते, काही ब्राउझर बंद केल्यावर जातात. पण मोबाईलवर आपण ब्राउझर खरा बंद करतो कुठं? तो मागं चालूच असतो.

दुसरा प्रकार लोकल स्टोरेज. यात एका साइटला साधारण ५ एमबी जागा मिळते. मुदत नाही, पुसेपर्यंत राहतं. रेंज गेली तरी अर्धवट फॉर्म शाबूत राहतो, तो बऱ्याचदा याच्यामुळं (साइट बनवणाऱ्यानं तशी सोय केली असेल तरच, बरं का). सेशन स्टोरेज मात्र त्या टॅबपुरतं असतं.

कॅशमध्ये फोटो, पानांचे भाग साठतात. पान लवकर उघडतं, डेटा वाचतो.

मोबाईल भरला की लोक सरसकट सगळं पुसतात. ते चुकीचं आहे. क्रोममध्ये तीन टिंबं दाबून 'डिलीट ब्राउझिंग डेटा'मध्ये जा. जागाच हवी असेल तर फक्त 'कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स'वर टिक करा. 'कुकीज अँड साइट डेटा' पुसलं तर खाती लॉगआउट होतात, अर्धवट फॉर्मही जातो.

परक्या मोबाईलवर काम असेल तर इन्कॉग्निटो टॅब उघडा. असे सगळे टॅब बंद केले की कुकी आणि साठवलेली माहिती पुसली जाते. डाउनलोड केलेला सातबारा किंवा आधारची पीडीएफ मात्र तिथंच राहते, ती हातानं डिलीट करावी लागते. आणि 'सेव्ह पासवर्ड?' विचारलं तर 'नेव्हर' दाबा.