मालाड येथील षष्ट्यब्दपूर्तीची एक याद

धर्मशास्त्रांत आश्रम चार; परंतु वानप्रस्थाश्रम कलिवर्ज्यांत गणला गेला, आणि गृहस्थ बहुधा घरींच म्हातारा होऊं लागला. त्याच्या उत्तर वयाचे टप्पे दाखविण्याचें काम शांतींकडे आलें. पन्नासाव्या वर्षीं वैष्णवी, पंचावन्नाव्या वर्षीं वारुणी, साठाव्या वर्षीं उग्ररथ, सत्तराव्या वर्षीं भैमरथी असा क्रम प्रयोगग्रंथांत आढळतो. या शांतींच्या खर्चाच्या यादी संग्राहक सहसा बाजूस टाकतात. तसें करूं नये, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

मालाड येथील एका जुन्या घराचा माळा रिकामा होत असतां रद्दीच्या गठ्ठ्यांत एक मोडी याद आम्हांस मिळाली. कर्त्याचें नांव घरच्या मंडळींच्या इच्छेवरून येथें देत नाहीं. शिरोभागीं ‘षष्ट्यब्दपूर्ति’ व ‘विश्वावसु नाम संवत्सरे’ एवढेंच आहे, शक नाहीं. खालीं समिधा, तूप, दक्षिणा व भटजींचें आगगाडीचें भाडें हा खर्च रुपये, आणे व पै यांत मांडिला आहे.

नर्मदेच्या दक्षिणेस संवत्सराचा क्षय मानीत नाहींत. यास्तव शकांत १२ मिळवून ६० नीं भागिल्यास जी बाकी राहते, तो प्रभवापासून संवत्सराचा अनुक्रम होय. विश्वावसु ३९ वा. अर्थात् ही याद शके १७६७, १८२७, १८८७ किंवा १९४७ यांपैकीं कोणत्याही वर्षाची असूं शकेल. पैकीं शके १७६७ म्हणजे इ. स. १८४५-४६, मुंबई-ठाणें आगगाडी तर १६ एप्रिल १८५३ रोजीं सुरू झाली. दशमान नाणीं १ एप्रिल १९५७ पासून आलीं. सबब पुढील दोन शकही बाद होतात. उरला शके १८२७, म्हणजे इ. स. १९०५-०६.

साठ वर्षें पूर्ण झालीं म्हणजे जन्मसंवत्सर फिरून येतो. तेव्हां कर्त्याचा जन्म शके १७६७ मधील ठरतो. ज्या वाहनानें त्यानें भटजींस आणविलें, तें त्याच्या जन्मकाळीं या देशांत नव्हतें. मात्र हा निर्णय ‘पूर्ति’ या एका शब्दावर उभा आहे. उग्ररथशांति कोणी साठावें वर्ष लागतांच करितात, कोणी तें सरल्यावर. तेवढाच शब्द असता तर एका वर्षाचा संशय राहिला असता.

सहस्रचंद्रदर्शनाच्या कागदांतही अशीच सावधगिरी पाहिजे. वर्षास बाराच पौर्णिमा धरिल्यास हजारांस ८३ वर्षें ४ महिने लागतील. अधिक मास जमेस धरितां ८० वर्षें व सुमारें १० महिने पुरतात. शिवाय पुष्कळ ठिकाणीं ऐंशी सरतांच हा विधि उरकीत असत. म्हणून नुसत्या विधीच्या नांवावरून वय मोजूं नये.

त्या घरांत जन्मपत्रिका उरलेली नाहीं. तो गृहस्थ केव्हां जन्मला हें सांगणारा हा एकच कागद, आणि तो रद्दीवाल्याच्या तागडींत पडणार होता. संग्राहकांनीं अशी याद मिळतांच संवत्सर, मास, तिथि, वार व विधीचें नांव अक्षरशः उतरून घ्यावें. आणि दर्भ-समिधांचा हिशेब क्षुल्लक समजून फाडूं नये. आमच्या यादीचा शक त्या हिशेबानेंच सांगितला.