फ्लायबॅक रोहित्र आणि दुरुस्तीविद्येचा इतिहास : पाली (मीरा-भाईंदर) परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

महाराष्ट्रातील दूरदर्शनचा इतिहास बहुधा प्रक्षेपणाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले आणि १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपणास आरंभ झाला, हे टप्पे सर्वज्ञात आहेत. मात्र घरोघरीचे संच चालू कसे राहिले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात संचातील फ्लायबॅक रोहित्राच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

रचना व कार्यतत्त्व

भारताने स्वीकारलेल्या ६२५ रेषांच्या पद्धतीत चित्रनलिकेतील इलेक्ट्रॉन शलाका दर सेकंदाला १५,६२५ रेषांच्या वेगाने पडदा व्यापते. प्रत्येक रेषा संपताच ती सुमारे १२ मायक्रोसेकंदांच्या आत मागे परतते. या परतीवरूनच ‘फ्लायबॅक’ हे नाव पडले. परतीच्या क्षणी प्रवाह खंडित होऊन चुंबकीय क्षेत्र कोसळते व त्यातून उद्भवणारा विद्युतदाब रोहित्र अनेक पटींनी वाढवते. रंगीत चित्रनलिकेस लागणारा सुमारे २५,००० व्होल्टचा दाब असाच मिळत असे. दुरुस्ती कारागिरांच्या बोलीत हे रोहित्र ‘ईएचटी’ म्हणून ओळखले जाई.

‘एसएमपीएस’ या नावाने परिचित असलेल्या वीजपुरवठ्यातही हेच तत्त्व योजले गेले. ट्रान्झिस्टर वाहत असताना ऊर्जा मुख्यतः गाभ्यातील हवेच्या फटीत साठते. तो थांबताच ती दुय्यम वेटोळ्यातून भाराला मिळते. फट न ठेवल्यास फेराइटचा गाभा लवकर संपृक्त होतो, प्रवाह अनावर वाढतो आणि ट्रान्झिस्टर जळतो. वहनकाळ कमीअधिक करता येत असल्याने असा पुरवठा विजेच्या दाबातील मोठे चढउतार सोसतो. संचाशेजारी ‘स्टॅबिलायझर’ ठेवण्याची गरज त्यामुळे ओसरली.

किनारी परिस्थिती आणि दोषशोधन

२००२ साली स्थापन झालेल्या मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतील पाली हे उत्तनलगतचे कोळी वस्तीचे समुद्रकाठचे गाव. अशा ठिकाणी खाऱ्या हवेतील क्षारांचा थर संचातील भागांवर बसतो, दमटपणा शोषतो आणि विद्युतवाहक बनतो. उच्च दाबाच्या टोपणाभोवती ठिणग्या उडणे, फुसफुस आवाज येणे, ओझोनचा उग्र वास सुटणे ही त्याची लक्षणे होत. जो आराखडा कोरड्या हवेत निर्दोष ठरतो, तोच किनाऱ्यावर अपुरा पडू शकतो. म्हणून येथील दुरुस्ती म्हणजे केवळ जळालेला भाग बदलणे नव्हे. स्थानिक हवामानाशी आराखड्याचा मेळ घालणेही त्यात आले.

दोषशोधनाच्या पद्धतीही लक्षणीय आहेत. वेटोळ्यातील एखाद-दुसरा वेढा आतून जुळल्यास त्याचा रोध जवळजवळ बदलत नाही, त्यामुळे मल्टिमीटरवर दोष दिसत नाही. मात्र वेटोळ्यास विद्युतस्पंद दिल्यावर उमटणारी आंदोलने तत्काळ विझतात, आणि त्यावरून दोष ओळखता येतो. वीजपुरवठ्याच्या मार्गात एकसरीने बल्ब जोडणे ही त्याहून साधी युक्ती. बल्ब प्रखर पेटून तसाच राहिला, तर पुढे लघुपरिपथ असण्याचा संभव असतो. शिवाय बल्बमुळे प्रवाह मर्यादित राहून नवा ट्रान्झिस्टर वाचतो. काही रुपयांच्या बल्बमध्ये मापन आणि संरक्षण ही दोन्ही कार्ये साधली जातात.

निष्कर्ष

सपाट पडद्यांच्या प्रसारानंतर चित्रनलिका मागे पडली आणि २०२२ पर्यंत दूरदर्शनची बहुतांश ॲनालॉग भूप्रक्षेपण केंद्रे बंद झाली. फ्लायबॅक तत्त्व मात्र मोबाइलच्या चार्जरमध्ये टिकून आहे. तत्त्व टिकले, पण त्याभोवती वाढलेली दुरुस्तीविद्या हातातून हातात गेलेली असल्याने ती ग्रंथबद्ध झालेली नाही. बंद चार्जर आज सहसा दुरुस्त न करता टाकून दिला जातो. मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावरील सुट्या भागांच्या बाजारापासून किनारी गावांपर्यंतच्या कारागिरांच्या आठवणी व वह्या संकलित करणे हे इतिहास आणि पदार्थविज्ञान या दोन्ही विभागांचे सामाईक काम ठरते. ही पिढी हयात असेतोवरच ते शक्य आहे.