सिवनीचा मोगली

भोपाळ आणि सिवनी ही दोन्ही गावे एकाच मध्य प्रदेशातली. पण सिवनीच्या रानातला मोगली भोपाळच्या मुलांना दूरचित्रवाणीवर भेटला तो मात्र जपानमार्गे. रड्यार्ड किपलिंग याने 1894 साली 'जंगल बुक' प्रसिद्ध केले. या गृहस्थाने सिवनीचे अरण्य स्वतः कधी पाहिलेले नव्हते. स्टर्नडेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने सातपुड्यातील मुक्कामांवर 1877 साली एक ग्रंथ लिहिला होता, त्याचा किपलिंगने आधार घेतला असे अभ्यासक मानतात. पुढे 1989 साली जपानच्या निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने त्या कथेवर 52 भागांची चित्रमालिका काढली आणि 1993 साली दूरदर्शनने ती हिंदीत दाखविली. शीर्षकगीत गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाज यांची आणि शेरखानाची गुरगुर मुरूड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकरांची! रविवारची सकाळ झाली, की मुले घरात आणि गल्ल्या ओस, असा तो काळ होता.

आपल्याकडे ही कला नव्हती, असे मात्र कोणी समजू नये. दादासाहेब फाळके यांनी 1915च्या सुमारास आगकाड्या पडद्यावर नाचविल्या होत्या. स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग निघाला. डिस्नेकडील क्लेअर वीक्स यांनी तेथील तरुणांना धडे दिले आणि राम मोहन त्यांतूनच पुढे आले. मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांनी 1974 साली 'एक अनेक और एकता' दिग्दर्शित केला. त्याची चित्रे भीमसेन यांची, संगीत वसंत देसाई यांचे. पारध्याचे जाळे घेऊन उडालेल्या पक्ष्यांची ती जुनीच गोष्ट. पण ती धाकट्या भावाला समजावून सांगते त्याची ताई. त्यामुळे त्यात बोध असूनही औषधाचा कडवटपणा नाही. दूरदर्शनने हा लहानसा चित्रपट वर्षानुवर्षे दाखविला आणि मुलांना तो पाठ झाला.

मग मोगली जपानहून का आणावा लागला? उत्तर हिशेबात आहे. पडद्यावर एका सेकंदाला 24 चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींना पुरविले, तरी दहा मिनिटांसाठी सात हजारांहून अधिक चित्रे हातांनी काढावी लागत. सरकारी खर्चाने एखादा बोधपट होई. दर आठवड्याला नवा भाग पुरविणारी चित्रशाळा उभी करण्याइतका पैसा त्यात कोणी घातला नाही. तयार परदेशी मालिकेला केवळ हिंदी आवाज द्यावा लागे. कारभाऱ्यांनी स्वस्त वाट धरली, यात नवल नाही. पण राम मोहन यांच्यासारखा कसबी माणूस घरात असताना ती धरली, ही रुखरुख उरतेच. याच राम मोहन यांनी युगो साको या जपानी दिग्दर्शकाबरोबर रामायणावरचा चित्रपट केला, तो 1992 साली पुरा झाला. त्यालाही पुढाकार जपानचाच.

संगणक आल्यावर हे गणित बदलले. हैदराबादेत घडलेला 'छोटा भीम' 2008 साली पोगो वाहिनीवर आला आणि देशी मालिकाही वर्षानुवर्षे चालू शकते, हे तेव्हा वाहिन्यांच्या ध्यानी आले.