पद्मिनीचा दम का जातो? जुन्या इंजिनाच्या आजाराचा इतिहास

जुनी गाडी मंदावली की गॅरेजमध्ये तिच्याबद्दल चार वेगवेगळी वाक्यं ऐकू येतात. 'ओढत नाही', 'पिकअप नाही', 'मिसिंग करते' आणि 'दम नाही'. आपल्याला चारही सारखीच वाटतात. आमच्याकडचे मिस्त्री मात्र ती तोलूनमापून वापरतात. चढावर ताकद कमी पडली तर ओढत नाही. पेडल दाबल्यावर गाडी उशिरा उठली तर पिकअप नाही. चारांपैकी एखादा सिलिंडर कामचुकारपणा करत असेल तर मिसिंग. आणि इंजिनाच्या पोटातला दाबच कमी झाला असेल तर दम नाही. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे माझा कान शब्दांकडे आधी जातो. 'उस्ताद' फारसीतून आला, 'मिस्त्री' पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून. दोघांचा अर्थ एकच: ज्याच्याकडून शिकावं तो. या उस्तादांचं ज्ञान कुठे लिहून ठेवलेलं नाही, म्हणून आज हा लेख.

आमच्या घरी अब्बांनी घेतलेली प्रीमियर पद्मिनी आहे. तिचं कूळ आधी सांगतो, कारण आजाराचं मूळ बहुतेकदा तिथेच सापडतं.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कारखाना कुर्ल्याला. सुरुवात अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडण्यापासून झाली. तेव्हा मुंबईत जनरल मोटर्सचाही जोडणी कारखाना होता, शिवडीला, १९२८ पासूनचा. स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण बदललं: नुसते सुटे भाग आणून जोडायचे नाहीत, ते इथे बनवायचे. जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला, प्रीमियर टिकली. इटलीच्या फियाटची ११०० ही गाडी कुर्ल्यात बनू लागली आणि १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडर, एक कार्बोरेटर. मूळ आराखडा १९५० च्या दशकातला, आणि गाडी विकली गेली थेट शतकाच्या अखेरीपर्यंत. लायसन्स राजमध्ये नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागे. म्हणून असलेली गाडी जगवणं ही गरज होती, आणि त्या गरजेतूनच गल्लोगल्ली गॅरेज उभी राहिली. कुर्ला-कलिन्याच्या सीएसटी रोडवर सुट्या भागांचा बाजार भरला तो असा.

आता निदान. उस्तादांचा पहिला नियम असा की इंजिनावर आळ घेण्याआधी त्याला कोणी मागे खेचतंय का ते पाहावं. सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये गाडी ढकलून बघा. जड वाटली तर ब्रेक धरतोय. फेरी मारून आल्यावर चारही चाकांच्या ड्रमजवळ हात न्या. एकच ड्रम जास्त तापला असेल तर चोर सापडला. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असं असेल तर क्लच घसरतोय. या दोन्हींत इंजिन निर्दोष असतं, आणि तरीही अनेकांचं इंजिन विनाकारण उघडलं जातं.

यानंतर हवा. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. उजेड आरपार दिसत नसेल तर इंजिनाचा श्वास कोंडतोय. सगळ्यांत स्वस्त दुरुस्ती हीच.

तिसरी ठिणगी. थंड इंजिनातून चारही प्लग काढा आणि ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने कागदावर मांडा. प्लगचं टोक बिस्किटी रंगाचं असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. पांढरट म्हणजे उलट. ओला, तेलकट काळा म्हणजे ऑइल वर चढतंय, रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजले. चारांपैकी एकच वेगळा असेल तर रोग त्या एका घरात आहे.

पद्मिनीच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये 'पॉइंट' असतात. बॅटरीवर चालणारी ही ठिणगीची रचना अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने १९१० च्या सुमारास आणली. पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते, तसा पॉइंटमधला गॅप कमी होतो. गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतात, ठिणगी उशिरा पडते आणि पिस्टन खाली निघाल्यावर जाळ होतो. गाडी चालते, पण मेल्यासारखी. हा मंदपणा इतका हळूहळू येतो की रोज चालवणाऱ्याला कळतच नाही. साध्या फीलर गेजने गॅप पाहा. तो साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आत असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. गॅप बदलला की टायमिंगही पुन्हा तपासावं लागतं.

चौथं पेट्रोल. इथे इतिहास पुन्हा आडवा येतो. केटरिंगच्याच प्रयोगशाळेत १९२१ साली थॉमस मिजली यांना असं आढळलं की पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळलं की इंजिनातली ठोक थांबते. पुढे पाऊण शतक जगभरच्या गाड्या शिसं जाळत राहिल्या आणि ते विष मुलांच्या रक्तात उतरलं. भारतात २००० साली शिसं असलेलं पेट्रोल बंद झालं, ते योग्यच झालं. पण शिशाचा थर व्हॉल्व्हच्या बैठकीला उशीसारखा जपत असे. जुन्या अ‍ॅम्बॅसडरचं बीएमसी घराण्याचं इंजिन घ्या. त्याची बैठक बिडाच्या हेडमध्येच कोरलेली. उशी गेल्यावर व्हॉल्व्ह हळूहळू आत रुतू लागतो, टॅपेटचा गॅप संपतो, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि दाब गळतो. म्हणून टॅपेट अचानक शांत झाले तर जुना मिस्त्री खूश होत नाही. त्याला थोडी टकटक हवी असते.

आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं आहे. ते ओलावा शोषतं, जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा खराब करू शकतं आणि टाकीच्या तळाचा गाळही मोकळा करतं. तो गाळ फिल्टरमध्ये नाहीतर कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतो. गाडी सावकाश चालवताना ठीक आणि जोर लावल्यावर गुदमरत असेल तर आधी हाच रस्ता तपासा. मात्र पेट्रोलचं काम मोकळ्या हवेत, थंड इंजिनावर आणि विडी-सिगारेटपासून लांब करावं.

सगळं करूनही दम नसेल तर शेवटी कॉम्प्रेशन गेज लावा. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला ठेवून स्टार्टर मारा. चारही आकडे वहीत लिहा. एखादा फार कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर रिंगा झिजल्या, नाही गेला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. इंजिन न उघडता एवढं कळणं ही छोटी गोष्ट नाही.

आता थोडं शाळेबद्दल. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात मुस्लिम कामगारांचं प्रमाण ज्या धंद्यांत जास्त दिसलं, त्यांत वाहनदुरुस्तीही होती. याच गोष्टीवरून आज समाजमाध्यमांत 'पंक्चरवाला' ही शिवी झाली आहे. माझ्या वर्गातली मुलं ती वाचतात. त्यांना मी वरचे टप्पे फळ्यावर लिहून दाखवतो: आधी नकार, मग पुरावा, मग निष्कर्ष. डॉक्टर याच क्रमाने जातो, शास्त्रज्ञही. पण कौतुकाच्या भरात एक गोष्ट विसरायची नाही. या उस्तादांपैकी अनेक जण दहा-बारा वर्षांचे असताना गॅरेजात आले, कारण शाळा सुटली होती. आयटीआयच्या मोटार मेकॅनिक ट्रेडला दहावी लागते. ती नसल्यामुळे आयुष्यभराच्या कसबाला कागद मिळाला नाही. मुलाने हा हुनर जरूर शिकावा, पण दहावी झाल्यावर.

मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदवली गेली आणि ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली. तिला कानाने ओळखणारे हात अजून आहेत, पण म्हातारे होत आहेत. तुमच्या मोहल्ल्यात असा कोणी असेल तर एखाद्या रविवारी वही घेऊन त्याच्याजवळ बसा. तो जे शब्द वापरेल तेच लिहा, सुधारू नका.