बी. के. : दोन अक्षरांमागचा रुग्ण

लखनौच्या निशातगंजातून बोलतोय. आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांचं मूत्रपिंड बदललंय. परवा ते म्हणाले, "कर्नलसाहेब, ताप नाही, क्रिएटिनिन ठीक आहे. मग दर महिन्याला विषाणूसाठी रक्त कशाला द्यायचं?"

याचं उत्तर इतिहासात आहे. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचं मूत्रपिंड दुसऱ्याला बसवलं. भाऊ हुबेहूब एकसारखे, त्यामुळे शरीराने ते परकं मानलंच नाही. बाकीच्यांचं काय? मुंबईच्या केईएममध्ये १९६५ साली प्रयत्न झाला. यश आलं ते १९७१ मध्ये, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. तोवर ॲझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड हाताशी आली होती. ही औषधं शरीराचा पहारा ढिला करतात, म्हणून नवा अवयव टिकतो. पण शत्रू बहुधा आतच दबा धरून असतो. सायटोमेगॅलो विषाणू आपल्याकडे बहुतेकांना लहानपणीच गाठतो आणि अंगात निपचित पडून राहतो. पहारा ढिला झाला की उठतो : ताप, जुलाब, कधी न्यूमोनिया.

त्याच १९७१ साली लंडनमध्ये सिल्व्हिया गार्डनर आणि सहकाऱ्यांनी एक नवाच विषाणू जाहीर केला. प्रत्यारोपण झालेल्या एका सुदानी रुग्णाची मूत्रवाहिनी अरुंद झाली होती. त्याच्या लघवीत विचित्र पेशी दिसल्या आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणू सापडला. रुग्णाची आद्याक्षरं बी. के., तेच विषाणूचं नाव झालं.

सायटोमेगॅलोवर १९८०च्या दशकाअखेर गॅनसायक्लोव्हिर आलं. बी. के.वर मात्र आजही खात्रीचं औषध नाही. पहारा ढिला करणारी औषधं कमी करायची, एवढाच उपाय. जास्त कमी केली तर शरीर मूत्रपिंडच नाकारतं. म्हणजे दोन आघाड्या, आणि एकीवरची कुमक काढूनच दुसरीवर पाठवायची. अशा वेळी खबर लवकर लागणं हेच सगळं.

पूर्वी विषाणू पेशींमध्ये वाढवून ओळखायचे. त्यात आठवडे जात, अन् रुग्ण तोवर थांबत नसे. १९८३ मध्ये कॅरी मुलिस यांना पीसीआरची कल्पना सुचली, आणि पुढे त्याच तंत्राने रक्तातला विषाणू मोजता येऊ लागला. बी. के. आधी लघवीत दिसतो, मग रक्तात. क्रिएटिनिन चढतं ते सगळ्यात शेवटी, मूत्रपिंडाची हानी झाल्यावर. म्हणून २००९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी सांगितलं : पहिले तीन ते सहा महिने दरमहा तपासा, पुढे वर्ष संपेपर्यंत दर तीन महिन्यांनी.

शेजाऱ्यांना एवढं पटलं. त्यांना रुग्णालय शहरातच आहे. गोंडा-बहराइचहून येणाऱ्याची मात्र एका नमुन्यासाठी दिवसाची मजुरी बुडते, वर भाडं आणि तपासणीचे पैसे. गडचिरोलीहून नागपूर गाठणाऱ्याचंही तेच. माझ्या मते तपासण्या चुकतात त्या बेफिकिरीपेक्षा या हिशेबामुळे जास्त. नमुना तालुक्यालाच घेऊन पुढे पाठवता आला, तर रुग्णाची निम्मी पायपीट वाचेल.