दिल्लीची मोहर आणि मराठी चित्रपट

१९५४ साली भारत सरकारने चित्रपटांना राजमान्यता देण्याचा उपक्रम प्रथमच आरंभिला, तेव्हा राष्ट्रपतींचे सुवर्णपदक ज्या कृतीच्या पदरी पडले ती मुंबईची हिंदी वा कलकत्त्याची बंगाली नसून आचार्य अत्रे यांची मराठी 'श्यामची आई' होती, ही गोष्ट दिल्लीच्या दफ्तरात नोंदली गेली खरी. परंतु त्यानंतर सुमारे अर्धशतक त्या रकान्यात मराठीचे नाव पुन्हा चढले नाही. हा दुष्काळ संपविला तो २००३ सालच्या चित्रपटांतून निवडल्या गेलेल्या, संदीप सावंत यांच्या 'श्वास'ने. पुढे 'देऊळ', 'कोर्ट' आणि 'कासव' यांनाही तोच मान मिळाला. ('देऊळ'ने तो एका ब्यारी चित्रपटासह वाटून घेतला, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.) माझ्यासारख्या चित्रपटवेड्याचा कौल मात्र निःसंशय 'कोर्ट'ला: न्यायव्यवस्थेची निर्ममता आक्रोशाने न सांगता, तारखांमागून तारखा पडणाऱ्या नीरस कामकाजातून, स्थिर चौकटींत उलगडणारा चैतन्य ताम्हाणे यांचा संयम, प्रत्येक भागाअखेर प्रेक्षकाला टांगून ठेवणाऱ्या आजच्या वेबमालिकांत क्वचितच आढळतो. त्यांचाच 'द डिसायपल' २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर घरोघरी पोहोचला, तो दिल्लीच्या मोहरेची प्रतीक्षा न करता. व्हेनिसने पटकथेचे पारितोषिक त्याला आदल्याच वर्षी दिले होते.