मोटारीच्या पंख्यातील दोन शोध

जुन्या मोटारींचा पंखा एंजिनाबरोबर अखंड फिरे व गारव्यातही शक्ती खाई. ही उधळपट्टी दोन इंग्रजांच्या शोधांमुळे थांबली. सागरी घड्याळासाठी जॉन हॅरिसनने १८व्या शतकात दोन धातूंची पट्टी योजिली. ती उष्णतेने वाकते. १९०१ साली फ्रेडरिक किपिंगने 'सिलिकोन' हे नाव दिले. त्यांचा व्यवहारात उपयोग होईल, अशी त्याला फारशी आशा नव्हती. पुढे पंख्याच्या क्लचमध्ये दोन्ही एकत्र आले. रेडिएटरची हवा तापली की पट्टी झडप उघडते, दाट सिलिकोन तेल आत पसरते, पंखा वेग घेतो.

त्याची परीक्षा सोपी आहे. एंजिन बंद व थंड असता पंखा हाताने फिरवावा. किंचित विरोध जाणवून थांबला, तर ठीक. भिरभिरत राहिला, जाम झाला किंवा तेल ओघळलेले दिसले, तर क्लच निकामी. ही क्षणभराची परीक्षा टाळणारा घाटात एंजिन गमावू शकतो.